पंचवीस गावांचा डॉक्टर

आमच्या सरकारी रुग्णालयात सोमवारची ओपीडी म्हणजे जत्राच असते. काही महिन्यांपूर्वी अशाच एका सोमवारी दोन एसटी बदलून एक आजोबा आले. पायांवर सूज, चालताना दम, जुना रक्तदाब. हातातल्या पिशवीत पाच वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. त्या एकापुढे एक मांडून पाहिल्या तेव्हा लक्षात आले, की आजोबा एकच गोळी तीन निरनिराळ्या नावांनी घेत होते. पाच डॉक्टरांपैकी कुणी फार चुकले होते असे नाही. फक्त त्यांच्यातल्या एकालाही आधीचे चार जण काय देत आहेत ते ठाऊक नव्हते. तपासणी झाल्यावर आजोबांनी पथ्य विचारले नाही, औषध विचारले नाही. पुढच्या खेपेला मीच असेन का, एवढेच विचारले. आमच्या ड्युट्या बदलत असतात. मला नीट उत्तर देता आले नाही.

त्या दिवशी घरी गेल्यावर अंतोन चेकॉव्ह यांची आठवण झाली. मराठी वाचकाला चेकॉव्ह माहीत आहेत ते कथाकार आणि नाटककार म्हणून. ते शिकून परीक्षा दिलेले डॉक्टर होते आणि आयुष्यातली काही वर्षे त्यांनी एका खेड्यात, आपल्या भाषेत सांगायचे तर फॅमिली डॉक्टर म्हणून काढली, हे तितकेसे माहीत नसते.

त्यांची १८८५ सालची एक कथा आहे. नाव 'दुःख'. एक म्हातारा कातारी, हाताने कसबी पण दारूडा, आजारी बायकोला घोड्याच्या घसरगाडीत घालून दवाखान्यात निघाला आहे. वाट सुमारे तीस किलोमीटरची, समोरून बर्फाचे वादळ. दवाखान्याची वेळ टळून गेली तर डॉक्टर रागावेल, मग त्याची विनवणी कशी करायची याची तो वाटभर उजळणी करतो आहे. मध्येच त्याच्या ध्यानात येते, की बायकोच्या चेहऱ्यावर पडलेला बर्फ आता वितळत नाही. चाळीस वर्षे तिला मारझोड केली, आता कुठे तिच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटले, तोवर ती गेलेली असते. लांबच्या दवाखान्याचा खरा अर्थ काय, हे आम्हा डॉक्टरांच्या कुठल्याही अहवालापेक्षा या चार-पाच पानांत जास्त कळते. ही कथा लिहिताना चेकॉव्ह पंचवीस वर्षांचे होते आणि असे रुग्ण त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

अंतोनचा जन्म १८६० सालच्या जानेवारीत दक्षिण रशियातल्या तागानरोग या बंदराच्या गावी झाला. आजोबा भूदास होते. जमीनदाराला पैसे भरून त्यांनी स्वतःची आणि कुटुंबाची सुटका करून घेतली होती. वडिलांचे किराणा दुकान होते, ते १८७६ मध्ये बुडाले. सावकारांना चुकवून कुटुंब मॉस्कोला निघून गेले. सोळा वर्षांचा अंतोन मात्र शाळा पुरी करण्यासाठी मागे राहिला आणि शिकवण्या करून पोट भरू लागला. १८७९ मध्ये तो मॉस्को विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाला. घर चालवायला पैसे हवे होते, म्हणून टोपणनावाने विनोदी मासिकांत लिहायला त्याने सुरुवात केली. दिवसा शवविच्छेदन, रात्री विनोदी कथा. १८८४ मध्ये तो पदवी घेऊन बाहेर पडला.

त्या काळच्या रशियात खेड्यातल्या माणसाला डॉक्टर कसा मिळायचा, हे थोडे समजून घेऊ. १८६१ मध्ये भूदासांची मुक्तता झाली आणि १८६४ मध्ये 'झेम्स्त्वो' नावाच्या स्थानिक संस्था निघाल्या. आपल्याकडच्या जुन्या जिल्हा लोकल बोर्डासारखे त्यांचे स्वरूप होते. जमिनीवरच्या कराच्या पैशातून त्या शाळा, रस्ते आणि दवाखाने चालवत. डॉक्टर थोडे आणि मुलूख अफाट. म्हणून सुरुवातीला अनेक ठिकाणी फिरत्या डॉक्टरची पद्धत होती. डॉक्टर घोडागाडीतून गावोगाव जायचा आणि तो येईपर्यंत 'फेल्डशर' रुग्ण पाहायचा. फेल्डशर म्हणजे थोडे वैद्यकीय शिक्षण घेतलेला सहायक, कंपाउंडरपेक्षा जास्त आणि डॉक्टरपेक्षा कमी. या पद्धतीत डॉक्टरचे निम्मे आयुष्य रस्त्यावर जाई आणि रुग्णाला त्याची गरज असेल तेव्हा तो नेमका दुसऱ्याच गावी असे. झेम्स्त्वोच्या डॉक्टरांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला. ठरावीक गावांसाठी एक ठरलेला डॉक्टर, त्याचे एक छोटे रुग्णालय आणि फुकट उपचार, अशी त्यांची मागणी होती. हळूहळू तीच पद्धत रुजली. जगात ग्रामीण आरोग्य सेवेचा असा पद्धतशीर प्रयत्न तोवर फारसा कुठे झालेला नव्हता.

चेकॉव्ह यांनी हे सारे आतून पाहिले. शिकत असतानाच ते मॉस्कोजवळच्या चिकिनो येथील झेम्स्त्वो रुग्णालयात उन्हाळ्यात काम करायला जात. पदवीनंतर झ्वेनिगोरोद या गावी रजेवर गेलेल्या डॉक्टरच्या जागी त्यांनी काही दिवस रुग्णालय सांभाळले. सकाळी रुग्णांची रांग, दुपारी कोर्टाच्या कामासाठी एखाद्या शेताच्या बांधावर शवविच्छेदन. तालुक्याच्या ठिकाणी काम केलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही वैद्यकीय अधिकाऱ्याला हा दिनक्रम ओळखीचा वाटेल. त्या वर्षीच्या 'शस्त्रक्रिया' या कथेत डॉक्टर लग्नाला गेलेला असतो आणि फेल्डशर मोठ्या ऐटीत एका सेवेकऱ्याचा दात उपटायला घेतो. दात तर निघत नाहीच, वर तुटतो. कथा वाचताना हसू आवरत नाही, पण डॉक्टर जागेवर नसला की काय होते हेच तिच्यात सांगितले आहे.

त्याच १८८४ सालच्या डिसेंबरात चेकॉव्ह यांच्या खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडले. क्षयाची ही खूण त्यांना न कळण्यासारखी नव्हती. दोनच वर्षांपूर्वी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला होता. तरीही पुढची बारा-तेरा वर्षे त्यांनी आपली छाती कुणाला नीट तपासू दिली नाही. रुग्ण म्हणून डॉक्टरांइतके वाईट कुणी नसते, हे मी माझ्यासकट अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

१८९० मध्ये लेखक म्हणून नाव झालेले असताना ते एकाएकी सखालिन बेटावर निघाले. रशियाच्या पूर्व टोकाच्या पलीकडचे हे बेट म्हणजे काळ्या पाण्याची जागा. सैबेरियातून रेल्वे अजून गेलेली नव्हती. घोडागाडी आणि बोटी असा अडीच महिन्यांहून अधिक काळ प्रवास करून ते तिथे पोहोचले. तीन महिने घरोघर फिरून त्यांनी जवळपास दहा हजार कैदी आणि रहिवाशांच्या नोंदी कार्डांवर केल्या. तिथल्या एका रुग्णालयात त्यांनी स्वतः रुग्ण तपासले. मानेला गळू झालेला एक लहान मुलगा आला. ते कापायचे तर सुरीला धार नाही, कापूस नाही, धड कात्री नाही, पुरेसे पाणीसुद्धा नाही. हा प्रसंग त्यांनी आपल्या सखालिनवरच्या पुस्तकात नोंदवून ठेवला आहे. कागदोपत्री तिथे रुग्णालय होते, डॉक्टर होता, नोकरवर्ग होता. मुलाच्या मानेवरच्या गळवाला त्याचा काही उपयोग नव्हता. परतताना ते हाँगकाँग, सिंगापूर आणि सिलोनमार्गे आले आणि सिलोनहून येताना चक्क मुंगूस घेऊन आले, ही आपल्या बाजूची एक गमतीची आठवण.

१८९२ च्या सुरुवातीला त्यांनी मॉस्कोच्या दक्षिणेला मेलिखोवो या खेड्यात घर आणि जमीन घेतली. शांतपणे लिहावे, झाडे लावावीत हा बेत. पण गावात डॉक्टर राहायला आला ही बातमी लपत नाही. सकाळी उजाडायच्या सुमारास अंगणात माणसे येऊन बसू लागली. कुणी चालत, कुणी गाडीतून, कुणाच्या कडेवर पोर. चेकॉव्ह त्यांना तपासत आणि औषधही आपल्याच कपाटातले देत. फी नव्हती. बहीण मारिया मलमपट्टीला हाताशी असे. रात्री-अपरात्री कुणी बोलावले तर ते चिखलातून गाडी हाकत जात. वसंतात बर्फ वितळले की तिकडचे कच्चे रस्ते असे होतात, की आपल्या कोकणातला आषाढ बरा.

त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ व्होल्गा नदीच्या काठाने वर सरकू लागली. आदल्या वर्षीच्या दुष्काळाने माणसे आधीच खंगलेली होती. त्या वर्षी रशियात पटकीने लाखो माणसे नेली. झेम्स्त्वोकडे डॉक्टर पुरेसे नव्हते. चेकॉव्ह यांनी आपण होऊन एका विभागाची जबाबदारी घेतली आणि पगार नाकारला. त्यांच्या वाट्याला पंचवीस गावे, चार कारखाने आणि एक मठ आला. हाताखाली सहायक नव्हता. आजूबाजूच्या कारखानदारांकडे आणि जमीनदारांकडे जाऊन त्यांनी अक्षरशः हात पसरले आणि रुग्णांना वेगळे ठेवण्यासाठी जागा, खाटा, सामान मिळवले. गावागावांत जाऊन पाणी उकळणे, विहिरी आणि संडास स्वच्छ ठेवणे हे समजावून सांगितले. त्या महिन्यांत त्यांचे लिखाण जवळजवळ थांबले. दुसऱ्या वर्षीही त्यांनी हेच काम केले.

पटकीवर तेव्हा खात्रीचा इलाज नव्हता. जंतू १८८४ पर्यंत कॉख यांनी ओळखला होता, पण रुग्ण मरतो तो शरीरातले पाणी आणि मीठ निघून गेल्यामुळे, ते तितक्याच वेगाने भरून काढले तर तो वाचतो, हे ज्ञान व्यवहारात उतरायला अजून कित्येक दशके जायची होती. तेव्हाचे काही डॉक्टर कातडीखाली मिठाचे पाणी टोचत. चेकॉव्ह यांना ही पद्धत माहीत होती. दिशा बरोबर होती, मात्रा अपुरी होती. आज एक सलाईन किंवा घरच्या घरी केलेले साखर-मीठ-पाणी जे करते, ते त्या काळातल्या मोठ्या रुग्णालयालाही जमत नव्हते. म्हणून खरी लढाई रोग येण्याआधीची होती. चेकॉव्ह यांच्या विभागात पटकी पसरली नाही. याचे सगळे श्रेय त्यांना देता येणार नाही, साथी आपल्या मर्जीने वळतात. पण ती आली असती, तर तिला तोंड द्यायची तयारी तिथे झालेली होती.

याच साथीत व्होल्गाकाठच्या काही गावांत दंगे उसळले. डॉक्टरच पाण्यात विष घालतात, जिवंत माणसांना पुरतात अशा अफवा पसरल्या. जमावाने रुग्णालयांवर हल्ले केले, एका डॉक्टरचा जीव घेतला. डॉक्टर म्हणजे साथ आली की सरकारी शिपायांबरोबर येणारा परका माणूस, असाच अनुभव असेल तर भीतीचे रूपांतर संशयात व्हायला वेळ लागत नाही. करोनाच्या काळात आपल्याकडेही काही वस्त्यांत तपासणी पथकाला पाहून लोकांनी दारे लावून घेतली होती. तिथे मग गावची आशाताई किंवा जुनी नर्स पुढे झाली की दार उघडत असे. मेलिखोवोच्या आसपासच्या शेतकऱ्यांना चेकॉव्ह आधीपासून ठाऊक होते. त्यांच्या मुलांचा खोकला याच माणसाने बघितला होता. विश्वास असा साध्या दुखण्यांतून आधी साठवावा लागतो, तेव्हा तो साथीत उपयोगी पडतो.

चेकॉव्ह औषधापाशी थांबले नाहीत. १८९६ ते १८९९ या काळात त्यांनी परिसरातल्या तीन गावांत शाळा उभारल्या, त्यांत स्वतःचे पैसे घातले, नकाशेही काढले. लोपास्न्या या जवळच्या स्टेशनावर टपाल कचेरी सुरू व्हावी म्हणून खटपट केली, तिथे जाणारा रस्ता व्हावा म्हणून मागे लागले. १८९७ च्या जनगणनेत गणनेचे काम पाहिले. डॉक्टरला याची काय गरज, असे कुणी म्हणेल. मला त्यात कथेतला तो कातारी दिसतो. रस्ता नसेल तर दवाखाना असून नसल्यासारखा. चिठ्ठी वाचता येत नसेल तर औषध असून नसल्यासारखे.

मार्च १८९७ मध्ये मॉस्कोत जेवायला बसले असताना त्यांच्या तोंडातून रक्त वाहू लागले. त्यांना प्राध्यापक ओस्त्रोउमोव्ह यांच्या रुग्णालयात हलवले. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात क्षय असल्याचे आता उघड झाले. डॉक्टरांनी प्रॅक्टिस बंद करायला सांगितली. उबदार हवेसाठी ते आधी फ्रान्समधल्या नीस येथे आणि मग क्रिमियात याल्टा येथे गेले. १८९९ मध्ये मेलिखोवोचे घर विकले. याल्टातही गरीब क्षयरोग्यांची रीघ लागली. त्यांना राहायला जागा मिळावी म्हणून त्यांनी वर्गणी गोळा केली, आवाहने लिहिली. १५ जुलै १९०४ रोजी जर्मनीतल्या बाडेनवायलर येथे ते वारले. वय अवघे ४४.

इथवरची गोष्ट एका थोर माणसाच्या त्यागाची म्हणून सांगता येईल. पण स्वतः चेकॉव्ह यांनी लिहिलेले डॉक्टर पाहिले, की ती इतकी सोपी राहत नाही. 'वॉर्ड नंबर ६' मधला डॉक्टर रागिन आधी उत्साहाने काम करतो, मग रोजच्या तीस-चाळीस रुग्णांपुढे आणि घाणेरड्या रुग्णालयापुढे हात टेकतो आणि पुस्तकांत तोंड खुपसून बसतो. 'अंकल वान्या' मधला अस्त्रोव्ह कामाने पिचलेला आहे, दारूकडे वळला आहे, जंगले वाचवण्याच्या वेडावर कसाबसा तगून आहे. आणि १८९८ च्या 'इओनिच' मधला स्तार्त्सेव्ह हा तरुण झेम्स्त्वो डॉक्टर सुरुवातीला पायी शहरात जातो, मग त्याची घोडागाडी येते, मग तीन घोड्यांची गाडी. गावातले रुग्ण सकाळी घाईघाईने उरकून तो शहरातल्या पैसेवाल्या रुग्णांकडे पळू लागतो. तिघेही मुळात वाईट माणसे नाहीत. एकटे पडलेले, थकलेले, बोलायला माणूस नसलेले डॉक्टर आहेत. खेड्यात डॉक्टर पाठवून भागत नाही, तो तिथे माणूस म्हणून टिकेल याची सोय करावी लागते, हे चेकॉव्ह यांना आपल्या कामातूनच कळले असणार.

हे मी दुसऱ्यांविषयी बोलत नाही. एमबीबीएसनंतर बाँडच्या सेवेसाठी मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. पहिले काही महिने लोक मला नुसते पाहून जात आणि बाजारपेठेतल्या बिनपदवीच्या डॉक्टरकडून इंजेक्शन घेत. एका अडलेल्या बाळंतिणीला रात्रभर बसून सोडवले, त्यानंतर गाव येऊ लागले. कुणाच्या घरात कोण पितो, कुणाची सून माहेरी का जात नाही, कुणाचा दमा कापूस वेचायच्या दिवसांतच का उठतो, हे कळू लागले. औषध अर्धे तिथेच ठरत असे. मग बाँड संपला आणि पदव्युत्तर प्रवेश मिळाला म्हणून मी निघालो. माझ्या जागी पाच महिने कुणी आले नाही. स्तार्त्सेव्हची कथा मी म्हणूनच जरा जपून वाचतो.

झेम्स्त्वोचा विचार तिथेच संपला नाही. ठरावीक वस्तीला ठरलेला डॉक्टर हे तत्त्व पुढे सोव्हिएत आरोग्य व्यवस्थेने उचलले. १९७८ मध्ये त्याच देशातल्या अल्मा-अता शहरात जगभरच्या देशांनी प्राथमिक आरोग्य सेवेचा जाहीरनामा मान्य केला. आपल्याकडे मैदानी भागात ३०,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा निकष आहे. केंद्रे उभी आहेत, इमारतींना रंग आहे. आपण मोजतो ते किती पदे भरली. एकच डॉक्टर त्याच गावात सलग किती वर्षे राहिला, हे कोणी मोजत नाही. राहायला बरे घर, मुलांना शाळा, जोडीला दुसरा डॉक्टर म्हणजे रजा घेता येईल, पुढे शिकण्याची वाट आणि गावात घालवलेल्या वर्षांना बढतीत वजन, एवढे केले तर राहणारे डॉक्टर मिळतील. चेकॉव्ह यांच्याकडे स्वतःचे घर होते, हाताशी बहीण होती, लिखाणातून येणारा पैसा होता. तरीही ते पाच-सहा वर्षांत मोडून पडले, यात क्षयाचा वाटा मोठा असला तरी. त्यागावर एक माणूस चालतो, व्यवस्था चालत नाही.

ते आजोबा पुढच्या महिन्यात पुन्हा आले. योगायोगाने ओपीडीत मीच होतो. सूज उतरली होती, तीन नावांची ती गोळी आता एकाच नावाने चालू होती. त्यांनी पिशवीतून मूठभर ओल्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या. आणि जाताना तोच प्रश्न पुन्हा विचारला.